दुकानादुकानांतला भोंग्या

४ मार्च

प्रिय भोंग्या,

पत्र बघून दचकू नकोस. बाबा बरे आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण तीन वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणजे घरात काहीतरी वाईट झालं असणार, असंच तुझ्या मनात येईल. तसं काही नाही. तुझा नंबर बदललाय, नवा माझ्याकडे नाही. पत्ता तेवढा मिळाला. गेल्या वर्षी तू बाबांना कार्ड टाकलंस त्यावरचा. ‘मी ठीक आहे. काम मिळालं आहे.’ बस, एवढंच. बाबांनी ते घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलंय, त्यामुळे पत्ता उतरवून घ्यायला मला ते आंघोळीला जाईपर्यंत थांबावं लागलं.

कामाचं बोलते. सोबत दोन पानांचा कागद आहे आणि परतीचं पाकीट, तिकीट लावून. दुसऱ्या पानावर फुली केली आहे तिथे सही कर. दुकानांतल्या बोलक्या डब्यासाठी तू आवाज दिला होतास, त्याचा कागद. तेव्हा आपण अर्ध्या पानावर घाईत सही घेतली होती. आता कंपनी मोठी झाली, कायदा विभागात चौदा माणसं झाली, त्यांना सगळं नीट लावून हवं असतं. तुला थोडे पैसेही मिळतील.

आठवतंय ना, कसला गोंधळ होता? ज्याला पैसे देऊन बोलावला होता त्या आवाजवाल्याचा घसा ऐन वेळी बसला. तू आमच्याच विभागात डबे तपासायला होतास. कुणीतरी म्हणालं, हिच्या भावाला बसवा तोवर. सामानाच्या खोलीत चारी बाजूंनी घोंगड्या टांगून तुला आठवडाभर आकडे म्हणायला लावले. तुझं एकोणनव्वद तर सहा वेळा परत घ्यावं लागलं. ‘तात्पुरता’ आवाज म्हणून जो घातला, तो आजतागायत कुणी काढला नाही.

तुला कल्पना नसेल तो डबा कुठे कुठे पोहोचलाय याची. चाव्या करणारा, शिंपी, भाजीवाली, दाताचा डॉक्टर. गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे भरले की हातातलं काम न सोडता दुकानदाराला कळतं, कारण तू सांगतोस. घरापासून ऑफिसपर्यंतच्या रस्त्यावर सकाळी तू मला सतरा दुकानांत भेटतोस. मोजलेली नाहीत, आपलं अंदाजाने सांगते.

आता अकरा मजले आहेत आमचे. फळं फुकट. बैठकीच्या खोल्यांना पक्ष्यांची नावं दिली आहेत. मला बढती ‘घुबड’मध्ये मिळाली. हसलास ना?

जे झालं त्यावर मी लिहीत नाही. कपातीची यादी वरून आली होती, हे तुला माहीत आहेच. माझ्या हातात काही नव्हतं.

सही मात्र महिनाअखेरीच्या आत पाठव.

तुझी
ताई


२३ मार्च

भोंग्या,

तुझं पाकीट आलं नाही. कायदा विभागातले गृहस्थ रोज चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. ‘तुमचा भाऊच ना? मग घरचंच काम आहे,’ म्हणतात. मी मान डोलावते. आपलं घर कसं आहे ते त्यांना कुठे ठाऊक.

पण आज त्यासाठी लिहीत नाही.

न्हाणीघरातल्या कपाटात काल मला चोवीस साबण सापडले. खालच्या खणात खोडरबरांची दोन खोकी, बुटाच्या नाड्या, सुया, कुलपं. बाबांना विचारलं, हे कशाला? म्हणाले, लागतं घरात. कुलपं? म्हणाले, लागतात. नकाशे काढण्यात ज्यांचा जन्म गेला, ज्यांनी कधी पेन्सिलचा तुकडासुद्धा वाया जाऊ दिला नाही, त्यांचं हे असं बघून मी मनातून घाबरले. वयोमानाने डोक्यावर परिणाम होतोय की काय, असं वाटलं. तुला बोलवायला हवं, हेही वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या विचाराने जरा बरंच वाटलं.

आज रजा टाकली आणि ते बाहेर पडल्यावर मागोमाग गेले. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवालीच्या दुकानात शिरले. मी पलीकडे झेरॉक्सवाल्याकडे उभी राहिले. बाबांनी एक वही घेतली, फोन पुढे केला, आणि मग गल्ल्यावर जवळजवळ आडवे होऊन उजवा कान डब्याला लावला. डाव्याने आता अजिबात ऐकू येत नाही त्यांना. डबा बोलला. ते सरळ झाले, वही काखेत मारली आणि बाहेर पडले. चेहरा अगदी नेहमीचा. औषध घेऊन झाल्यासारखा.

ते लांब गेल्यावर मी दुकानात गेले. बाई म्हणाल्या, ‘काका दिवसातून तीनदा येतात. त्यांच्यासाठी आवाज मोठा करून ठेवते मी. परवा मला म्हणाले, पंच्याहत्तरला काय मिळेल? मी म्हटलं, तुम्हाला हवंय काय ते सांगा. तर म्हणे, काहीही चालेल, पण पंच्याहत्तरचं द्या.’

मी घरी येईपर्यंत विचार करत होते, पंच्याहत्तरच का. मग आठवलं आणि रस्त्यात थांबले. तू पंच्याहत्तर म्हणत होतास तेव्हा मी घोंगडी बाजूला सारून तुला वेडावलं होतं. तू हसू दाबलंस, पण ‘हत्तर’पाशी ते निसटलंच. आपण ते परत घेतलं नाही, कारण सगळेच दमले होते. तीन वर्षांत लाखो लोकांनी ते ऐकलं असेल, कुणाच्या लक्षात आलं नाही. बाबांच्या आलं, एका कानाने.

मी त्यांना काही विचारलं नाही. साबण परत होते तसे लावून ठेवले.

सही कर रे. तू सही केलीस तर तुझा आवाज राहील. नाहीतर काढून टाकतील म्हणतात. मला आता पैशांचं, कंपनीचं काही पडलेलं नाही. बाबांसाठी कर.

ताई


२ एप्रिल

भोंग्या,

सही करू नकोस. केली असशील आणि पाकीट अजून टाकलं नसशील, तर फाड ते.

आता सगळं सांगते. मला मध्ये थांबून विचार करायचा नाही, म्हणून ओळी वेड्यावाकड्या होतील.

काल ‘सुतारपक्षी’ नावाच्या खोलीत आम्हाला नवीन डबा दाखवला. तुझ्या जुन्या आकड्यांवरून यंत्राला तुझा आवाज शिकवलाय. नमुन्यापुरताच, म्हणाले, सही आली की पक्कं करू. म्हणजे आता तू फक्त आकडे म्हणणार नाहीस. जे टाइप करतील ते म्हणशील. आमची इंजिनिअर मुलगी हुशार आहे, स्वभावाने गोड आहे. तिने एक ओळ टाइप केली आणि टेबलावरून तू म्हणालास, ‘आपला हप्ता थकला आहे. कृपया आजच भरावा.’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कंपनी आता दुकानदारांना कर्जही देते. हप्ता चुकला की डबा आठवण करून देणार, दुकानात, गिऱ्हाइकं उभी असताना, तुझ्या तोंडून. माझ्या वरच्या मोठ्या बाई म्हणाल्या, या आवाजावर लोकांचा विश्वास आहे, घरातल्या माणसासारखा वाटतो, म्हणून हाच हवा. मला स्टेशनरीवाली दिसली. तिनेही कर्ज घेतलंय, दुकानाच्या फळ्या त्यातूनच केल्या आहेत.

तेवढ्यात ती मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ताई, तुमच्या भावाचा आवाज आहे ना, अजून काही म्हणायला लावू का?’ मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, ‘ताई, जेवलीस का, असं म्हणायला लाव.’

तिने टाइप केलं. तू म्हणालास, ‘ताई, जेवलीस का?’

हुबेहूब, भोंग्या. तुझाच आवाज. तू ‘जे’वर जरा रेंगाळतोस तेसुद्धा. आणि तू जन्मात मला असं विचारलेलं नाहीस. तू दारातून ओरडत यायचास, ताई, खायला काय? मी काही उरवलंय का नाही, ते आधी बघायचास. मी खोलीतून उठले, जिन्यात जाऊन बसले. वर जाणारे-उतरणारे माझ्या बाजूने जपून जात होते. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. अजून एकदा ऐकायला मिळावं म्हणून मी तुझी सही मिळवली असती. खोटं लिहूनही मिळवली असती. पहिल्या पत्रात लिहिलंच की.

म्हणून आता खरं.

यादी वरून आली नव्हती. वरून आकडा आला होता. आमच्या विभागातून एक. नाव मी घालायचं होतं. तपासणीत दोघेच होतात, तू आणि तो उंच माणूस, ज्याला जुळ्या मुली झाल्या होत्या. काम तुझं जास्त चांगलं होतं. मला माहीत होतं, माझ्या वरच्यांनाही माहीत होतं. त्याला काढलं असतं तर सगळे म्हणाले असते, बहिणीने भावाला वाचवलं. ते मला सहन झालं नसतं. जुळ्या मुलींचं कारण मी नंतर शोधलं, स्वतःला सांगण्यासाठी. तुझं नाव मी सोमवारी दुपारी घातलं. तुला मेल पुढच्या मंगळवारी आली. मधले आठ दिवस मी तुझ्याशेजारी बसून जेवत होते. तू नवे बूट घेऊ का विचारलंस, तर मी म्हटलं, घे ना.

आणि दुसरं, यापेक्षा वाईट. तू बॅग भरून दारात उभा होतास आणि विचारलंस, ‘तुम्हा दोघांना माहीत होतं?’ बाबा आंघोळीला गेले होते. मी गप्प राहिले. नुसती गप्प, पण तुला त्यातून जे समजायचं ते समजलं, आणि मी समजू दिलं. एकटीने दोषी ठरण्यापेक्षा दोघांत वाटून घेतलेलं मला सोपं वाटलं. बाबांना काही, काहीच माहीत नव्हतं. ते ओल्या केसांनी बाहेर आले तेव्हा दार उघडं होतं आणि तू जिना उतरून गेला होतास.

तू माझ्याशी बोलू नकोस. मी मागणार नाही. पण त्यांच्याशी तीन वर्षं जो अबोला धरून आहेस, त्यात त्यांचा काही गुन्हा नाही.

त्यांचा नंबर तोच आहे.

ताई


११ एप्रिल

भोंग्या,

बाबांना सांगितलं.

ते खिडकीशी बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. मी उजव्या बाजूला खुर्ची ओढली आणि तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, ‘किती दिवस आधी माहीत होतं तुला?’

म्हटलं, आठ.

त्यांनी पेन्सिल कोड्यावर आडवी ठेवली. मग म्हणाले, ‘मला वाटत होतं, माझ्यामुळे गेला.’

मला कळेना. त्यांनी सांगितलं. आदल्या संध्याकाळी तू दिवाणावर लोळत शीळ घालत होतास, तेव्हा ते वैतागून म्हणाले होते की या घरात कामाची कदर एकटीलाच आहे. मला आठवतही नाही. तुला तरी आठवतंय का? ते एक वाक्य घेऊन तो माणूस तीन वर्षं बसला होता. कुणाला सांगितलं नाही. साबण आणत राहिला.

मी म्हटलं, बाबा, रागवा तरी. म्हणाले, ‘रागावेन. सवडीने.’ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ताट मात्र दोघांचं मांडतात. माझ्या ताटात भाकरी मोजून वाढतात, पूर्वी मोजत नसत.

ऑफिसचंही उरकलं. मोठ्या बाईंनी मला ‘घुबड’मध्ये बोलावलं. मी सांगितलं, भाऊ सही करणार नाही, आणि करू नकोस असं मीच त्याला कळवलंय. त्या वाईट नाहीत, भोंग्या. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील, पण त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, ‘तू कंपनीची की त्याची?’

म्हटलं, ‘यादी केली तेव्हा कंपनीची होते.’

मी एकच मागितलं, यंत्राला शिकवलेला आवाज पुसून टाकल्याचं लेखी द्या. दिलं. त्याची प्रत सोबत जोडली आहे, जपून ठेव. माझा विभाग काढून घेतला. सोमवारपासून दुसऱ्या मजल्यावर तक्रारींना उत्तरं देते. खिडकी नाही तिथे, फळंही पोहोचत नाहीत. काम मात्र खरं आहे. कुणाचे पैसे अडकलेत, कुणाचे चुकून दुसऱ्याला गेलेत. काल एका म्हातारीचे पेन्शनचे पैसे मी परत मिळवून दिले. तिने मला इतके आशीर्वाद दिले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

थकलेल्या हप्त्याचं डबा बोलणार की नाही ते अजून ठरलेलं नाही. बोलला तरी तुझ्या आवाजात नाही. तेवढंच मला जमलं.

वीस तारखेला सगळ्या डब्यांतला आवाज बदलणार आहे. कुणा निवेदिकेचा घेतलाय, छान स्पष्ट आहे. बाबांना हे कसं सांगू, अजून सुचत नाही.

ताई


३ मे

भोंग्या,

वीस तारखेला सकाळी बाबा कोपऱ्यावर गेले आणि पाच मिनिटांत रिकाम्या हाताने परत आले. मी दारातच होते. म्हणाले, ‘बाईचा आवाज आला.’ मी म्हटलं, हो बाबा. ते म्हणाले, ‘शिकलेली वाटते.’ आणि चपला काढून आत गेले. त्यानंतर ते कोपऱ्यावर गेले नाहीत. स्टेशनरीवाली दोनदा घरी येऊन चौकशी करून गेली, काका आजारी आहेत का म्हणून.

मीही ऑफिसला त्याच रस्त्याने जाते. सतरा दुकानं आहेत. मोजली होती, पहिल्या पत्रात मोजली नाहीत म्हटलं ते खोटं. आता कुठेच कान जात नाही. सकाळी नऊला रस्ता इतका लांब आहे हे मला माहीत नव्हतं.

मग कालचा रविवार. तुला माहीत आहे काय झालं ते, पण मला जसं दिसलं तसं लिहिते.

फोन वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाबा फोन नेहमी स्पीकरवर टाकूनच बोलतात, म्हणून मला ‘बाबा, मी’ ऐकू आलं. बाबांनी विचारलं, कोण? तू परत म्हणालास, मी. त्यांनी परत विचारलं, कोण बोलतंय? तू तिसऱ्यांदा, जरा ओरडून, ‘बाबा, मी आहे, भोंग्या.’ तुला वाटलं असेल, किती ऐकू येईनासं झालंय यांना. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. मी बघत होते ना त्यांच्याकडे. डोळे मिटून बसले होते आणि मुद्दाम विचारत होते.

मग तू रोपवाटिकेचं सांगितलंस. कलमं करायला शिकलास, नखांतली माती निघत नाही, मालक कडक आहे पण पगार वेळेवर देतो. चाळीसेक मिनिटं. मी कणकेचे हात तसेच धरून दाराआड उभी होते. तुझा आवाज जरा जाड झालाय. थंडीत बाहेर काम करतोस म्हणून असेल. कुठल्याच यंत्राला हे माहीत नसणार, मलाही नव्हतं.

आणि मग तू विचारलंस, ‘ताई आहे का घरात?’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणा. ते तुला म्हणाले, ‘आहे. दारात उभी आहे. नाही म्हणून सांगा, असं खुणावतेय. रडतेय.’

पलीकडून कुणीतरी बादली ओतल्याचा आवाज आला. मग तू म्हणालास, ‘असू दे.’ आणि बाबांना म्हणालास, पुढच्या रविवारी करतो, आणि ठेवलास.

कालपासून मी ते ‘असू दे’ घेऊन बसले आहे. भांडी घासताना वाटतं, रडतेय तर रडू दे, असं म्हणालास. भाजी चिरताना वाटतं, झालं ते असू दे, असं. बाबांना विचारलं, तुम्हाला काय वाटलं? तीन आठवड्यांत माझ्याशी ते पहिल्यांदा नीट बोलले. म्हणाले, ‘त्यालाच जाऊन विचार. मी मध्ये पडणार नाही. मला रविवारी फोन येणार आहे.’ हे शेवटचं जरा ऐटीतच.

तर शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. एकटी. घ्यायला येऊ नकोस, पत्ता आहे माझ्याकडे. मुक्कामाला राहणार नाही, संध्याकाळची परतीची गाडी बघून ठेवली आहे. तू घरी नसलास, किंवा असून दार उघडलं नाहीस, तरी मला समजेल. रोपवाटिका सहापर्यंत उघडी असते, असं तू बाबांना सांगितलंस. तिथे गिऱ्हाईक म्हणून येईन, रांगेत उभी राहीन, आणि माझा नंबर आला की तू जे रोप देशील ते घेईन.

ताई